आजीची निरांजने आणि विमानातली बॅग

(मंडळाच्या संक्रांतीच्या तिळगूळ समारंभात, जानेवारी २०२५ मध्ये, केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हाला दोन अटी घातल्या आहेत. वीस मिनिटांच्या वर बोलायचे नाही आणि राजकारण काढायचे नाही. दुसरी अट सोपी आहे. पहिलीचे काय होते ते बघू. विषय आम्हीच निवडला, कारण गेले वर्षभर आपल्यापैकी निम्म्या लोकांनी आम्हाला रस्त्यात थांबवून हेच विचारले आहे, "काय झाले हो तुमच्या त्या विमानाच्या चोरीचे?" विमान काही चोरीला गेले नव्हते. विमानात दिलेल्या बॅगेतून चांदी गेली होती. आज सगळ्यांना एकदमच सांगतो, म्हणजे भाजी आणायला निघालेल्या माणसाला अर्धा तास चौकात उभे राहावे लागणार नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये सौ.च्या मावसभावाच्या मुलाचे लग्न पुण्याला होते. मावशींचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी सौ.ला जवळ बसवून एक जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले गाठोडे हातात दिले. आत दोन चांदीची निरांजने, एक तबक आणि हळदीकुंकवाचा करंडा. ही चांदी सौ.च्या आजीची, आणि आजी राजुऱ्याच्या. तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो, १९५६ पर्यंत राजुरा आणि किनवट हे तालुके आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यांची पुनर्रचना झाली, ते तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. तेव्हा ही निरांजने मूळची आपल्याच जिल्ह्याची. राजुऱ्याहून पुण्याला गेलेली, आणि आता सत्तर-ऐंशी वर्षांनी परत आदिलाबादला यायला निघालेली. मावशी म्हणाल्या, "आता माझ्याच्याने रोज घासवत नाहीत. तू तिकडे सण करतेस, तुझ्याकडे राहू देत."

सोमवारी कचेरीत हजर होणे भाग होते, म्हणून येताना पुणे ते हैदराबाद विमानाचे तिकीट काढले. हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा. त्यात काय ठेवले? बाकरवडी. चुरा होऊ नये म्हणून चार पाकिटे बाकरवडी आम्ही मांडीवर सांभाळत आणली, आणि आजीची चांदी मोठ्या बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवून, आकड्यांचे कुलूप लावून, काउंटरवर देऊन टाकली. या एका वाक्यावर आमच्या घरात वर्षभर कोण कोणाला काय बोलले असेल याची कल्पना आपण करू शकता. बॅग कोणी भरली हा प्रश्न आम्ही इथे काढणार नाही.

रविवारी रात्री शमशाबादला उतरलो. पट्ट्यावरून बॅग आली, कुलूप जसेच्या तसे. ती घेऊन थेट बस स्टँड गाठला, आर.टी.सी.ची रात्रीची बस धरली, पहाटे आदिलाबाद. तीनशे किलोमीटरचा प्रवास, अंग आंबलेले. आंघोळ करून कचेरी. बॅग उघडली ती सोमवारी रात्री. साड्या होत्या, स्वेटर होते, धोतराचे फडकेही होते. फडक्याची नीट घडी घालून ठेवलेली होती. आत काही नव्हते.

कुलूप शाबूत आणि माल गायब, हे कसे होते ते आम्हाला मागाहून कळले. चेनची बॅग असेल तर साध्या बॉलपेनचे टोक चेनच्या दातांमध्ये दाबले की चेन मधूनच उसवते. काम झाले की कुलूप लावलेली ती दोन्ही टोके एकदा पुढेमागे सरकवली की चेन पुन्हा मिटते. कुलपाला हातही लावावा लागत नाही. घरी जाऊन जुन्या बॅगेवर करून पाहा. आम्ही केले. दहा-बारा सेकंद लागतात.

आणि हे करायला जागा असते. काउंटरवर बॅग पट्ट्यावर गेली की ती आपल्या नजरेआड होते. पुढे तिची क्ष-किरण तपासणी, मग सामान वेगळे करण्याची जागा, मग ट्रॉली, मग विमानाचे पोट. आपल्याकडे देशांतर्गत उडणाऱ्या बऱ्याच छोट्या विमानांत सामान पेटीबंद करून न चढवता एकेक नग रचतात, आणि आत गुडघ्यावर बसून रचणारा माणूस बाहेरच्याला नीट दिसत नाही. ही मंडळी बहुधा ठेकेदाराची, तुटपुंज्या पगाराची. त्यांच्यातले बहुतेक जण प्रामाणिकपणे पाठ मोडून काम करतात, हे आम्ही मुद्दाम सांगतो. आमची चोरी नेमकी कुठे झाली, पुण्यात की हैदराबादेत, आणि कोणी केली, हे आजही आम्हाला माहीत नाही. म्हणून कंपनीचे नावही इथे घेत नाही.

आता आमची चूक ऐका. आम्ही सरकारी कचेरीत काम करणारे. समोरच्याने अर्ज दिला तर त्यावर शिक्का आणि क्रमांक पडल्याशिवाय तो अर्ज दिलाच नाही असे समजतो. स्वतःचा कागद दिला तर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडत नाही. वीस वर्षे हेच केले. आणि विमानतळावर मात्र बॅग उचलून चालते झालो, कोणाच्या टेबलाकडे पाहिले नाही. तिथे पट्ट्याजवळच प्रत्येक कंपनीचे सामानाच्या तक्रारीचे टेबल असते. बॅग उघडून पाहून, काही कमी असेल तर तिथल्या तिथे एक अहवाल लिहून घ्यायचा असतो. त्याला पीआयआर म्हणतात, प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट. त्याचा क्रमांक हातात असला की पुढची निम्मी लढाई सोपी होते.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण गंमत त्यातच आहे. विमानातल्या सामानाबद्दल जगभर एक करार चालतो, १९९९ चा माँट्रियल करार. भारत त्यात २००९ साली सामील झाला, आणि आपल्या १९७२ च्या कॅरेज बाय एअर कायद्याला तो जोडला गेला. त्यात लिहिले आहे की काउंटरवर दिलेले सामान कंपनीच्या ताब्यात असताना हरवले किंवा त्याचे नुकसान झाले तर जबाबदारी कंपनीची. तुम्ही तिची चूक सिद्ध करत बसायचे नाही. पण त्याच करारात हेही आहे की प्रवाशाने तक्रार न करता सामान उचलले, तर ते सुस्थितीत मिळाले असे प्रथमदर्शनी धरले जाईल. आमची मान इथे अडकली. मात्र "प्रथमदर्शनी" हा शब्द नीट ऐका. म्हणजे तुम्हाला उलट सिद्ध करायची संधी आहे. दार बंद होत नाही, फक्त ढकलायला जड होते. लेखी तक्रारीची मुदत सामान मिळाल्यापासून ७ दिवस. ही मुदत नुकसानीसाठी आहे, बॅग उशिरा मिळाली तर २१ दिवस. बॅग आली पण आतले काही गेले, तर ते नुकसान समजून सातच दिवस धरावेत, हा सुरक्षित हिशेब. आणि कोर्टात जायची मुदत २ वर्षे.

या मुदतीवरून एक परदेशातली गोष्ट आठवते. डेव्ह कॅरोल नावाचा कॅनडाचा एक गायक २००८ साली विमानाने निघाला असताना शिकागोला सामान हाताळणाऱ्यांनी त्याची साडेतीन हजार डॉलरची गिटार फेकून मोडली. कंपनी म्हणाली, चोवीस तासांत तक्रार केली नाहीस, आता काही मिळणार नाही. नऊ महिने तो पत्रे लिहीत होता. शेवटी त्याने २००९ च्या जुलैत त्यावर एक गाणेच करून यूट्यूबवर टाकले आणि ते लाखो लोकांनी पाहिले. मग कंपनी धावत आली. आम्हाला गाता येत नाही. आम्ही अर्ज केला.

मंगळवारी सकाळी, म्हणजे तिसऱ्याच दिवशी, पहिला ई-मेल गेला. त्यात बोर्डिंग पासचा आणि बॅगेच्या टॅगचा क्रमांक, काय गेले त्याची वस्तुवार यादी आणि वजन, बॅग कधी आणि कुठे उघडली ते खरे खरे, आणि एक मागणी. दोन्ही विमानतळांवरचे त्या वेळचे सीसीटीव्ही चित्रण आणि आमच्या बॅगेची क्ष-किरण प्रतिमा जपून ठेवावी, आमच्या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत पुसू नये. ही मागणी पहिल्याच पत्रात का? कारण असले चित्रण कोणी कायम ठेवत नाही, थोड्या दिवसांत ते पुसले जाते. मागितले आणि त्यांनी जपले नाही, तर प्रश्न त्यांना विचारता येतो. मागितलेच नाही तर काय विचारणार? हा मुद्दा आमच्या मुलीने सुचवला. ती कॉमर्सला आहे, वकील नव्हे, पण डोके तिचेच चालले.

पुराव्याची अडचण मात्र खरी होती. टॅगवर वजन छापले होते १५ किलो. आम्ही बॅग पुन्हा जशीच्या तशी भरून दुकानातल्या काट्यावर ठेवली, साडेचौदाच्या आसपास भरली. चांदी गेलेली ६४० ग्रॅम. किलोकिलोने चोरी झाली असती तर काटा बोलला असता. अर्ध्या-पाऊण किलोत तो गप्प बसतो, कारण काउंटरवर आकडा पुढेमागे धरतातच. चांदीची पावती? आजीच्या लग्नातल्या चांदीची पावती कोण ठेवतो? सुदैवाने भाच्याने मावशी गाठोडे देत असताना फोनवर फोटो काढला होता. चारही वस्तू समोर मांडलेल्या, फोटोवर तारीख आणि वेळ. मावशींनी थरथरत्या हाताने एक पत्र लिहून दिले. आपल्या गावातल्या सराफांनी, ज्यांच्याकडे आपण सगळे जातो, त्यांनी फोटो पाहून आणि मावशींकडून वजन विचारून त्या दिवसाच्या भावाने किंमत काढून दिली, सुमारे ४८ हजार. घडणावळ वेगळी. जुन्या घडणावळीला भाव नसतो, असे तेच म्हणाले.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. फार नम्र. आमच्या गैरसोयीबद्दल त्यांना अतीव खेद होता. पण विमानतळावर तक्रार नोंदलेली नाही, आणि कंपनीच्या अटींनुसार पैसे, दागिने, मौल्यवान धातू असे सामान काउंटरवर द्यायचेच नसते, म्हणून जबाबदारी नाही. तरीही सदिच्छा म्हणून पुढच्या प्रवासात वापरायला २,५०० रुपयांचे व्हाउचर, मुदत सहा महिने. आदिलाबादच्या माणसाला विमानाचे व्हाउचर! आपल्याकडची जुनी धावपट्टी आपण येताजाता नुसती बघतो. ते व्हाउचर वापरायला आधी नागपूरला किंवा हैदराबादला जायला हवे, आणि तिकडे जायलाच बस-टॅक्सीत हजार-दोन हजार जातात.

व्हाउचरच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, की ते स्वीकारल्यास प्रकरण अंतिमरीत्या मिटले असे मानले जाईल. ही ओळ वाचल्याशिवाय असले काही घेऊ नका. आम्ही घेतले नाही.

अटींबद्दल दोन शब्द. मौल्यवान वस्तू काउंटरवर देऊ नका, ही सूचना योग्यच आहे, आणि आम्ही ती मोडली हे कबूल. पण त्या अटीने कंपनी जबाबदारीतून सगळीच सुटते का? माँट्रियल कराराच्या २६ व्या कलमात आहे की कंपनीची जबाबदारी काढून घेणारी किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी करणारी अट रद्दबातल समजावी. आम्ही दुसऱ्या पत्रात हे कलम लिहिले. कंपनीचा सूर त्यानंतर बदलला, असे आम्हाला वाटते.

मर्यादा म्हणजे काय, तेही सांगायला हवे, कारण इथेच बहुतेकांचा भ्रमनिरास होतो. देशातल्या देशात प्रवास असेल तर सामानासाठी कंपनीची जबाबदारी प्रत्येक प्रवाशामागे २० हजार रुपयांपर्यंत. केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०१९ साली प्रवाशांची सनद काढली, तीतही हाच आकडा आहे. आपले ४८ हजारांचे गेले असो वा चार लाखांचे. परदेशचा प्रवास असेल तर आकडा वेगळा, आणि तो एसडीआर नावाच्या एककात मोजतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ठरवलेले हे हिशेबाचे नाणे, ते खिशात कोणाच्याच नसते. गेल्या महिन्यात, २८ डिसेंबर २०२४ पासून, ही मर्यादा १,२८८ वरून १,५१९ एसडीआर झाली. रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास, दर रोज बदलतो. त्याहून जास्त मोलाचे सामान असेल तर काउंटरवर देतानाच त्याची किंमत लेखी जाहीर करायची आणि लागेल ते जास्तीचे शुल्क भरायचे, अशी सोय कायद्यात आहे. आम्ही नंतर एकदा काउंटरवर याची चौकशी केली. तिथल्या मुलीने हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला असावा. तिने आत जाऊन कोणाला तरी विचारले, तोही बाहेर येऊन आमच्याकडे बघून गेला.

आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मुले अमेरिकेत, दुबईत आहेत, आईवडील ये-जा करतात. त्यांच्यासाठी एक सांगतो. एकाच तिकिटावर नागपूरहून दिल्ली आणि दिल्लीहून परदेश असा प्रवास असेल, तर नागपूर-दिल्लीचा टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासच धरला जातो, आणि मोठी मर्यादा लागू होते. वाटेत कंपन्या बदलल्या तर पहिल्या कंपनीकडेही मागता येते आणि शेवटच्या कंपनीकडेही. "आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे जा" हे ऐकून घ्यायचे कारण नाही. तक्रार मात्र जिथे बॅग हातात येते त्या शेवटच्या विमानतळावरच करावी, घरी येऊन नातवंडांचे फोटो दाखवून झाल्यावर नव्हे.

आमच्या बाबतीत आम्ही आणखी एक मुद्दा काढला. बॅग एक, पण प्रवासी दोन. वस्तू सौ.च्या, बॅग माझ्या नावावर. मग मर्यादा एकदाच की दोनदा? युरोपच्या न्यायालयात २०१२ साली असेच एक प्रकरण निकाली निघाले होते. बार्सिलोनाहून पॅरिसला गेलेले एक कुटुंब, माणसे चार, बॅगा दोन, दोन्ही हरवल्या. न्यायालयाने सांगितले की दुसऱ्याच्या नावावर दिलेल्या बॅगेत आपलेही सामान होते हे दाखवता आले, तर प्रत्येकाला आपापली भरपाई मागता येते. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण करार तोच आहे. आम्ही तक्रारीत दोघांची नावे घातली.

कोणी म्हणेल, रेल्वेत चोरी झाली तर कुठे काय मिळते? बरोबर आहे. २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले की प्रवाशाने कमरेच्या पट्ट्यात बांधलेले एक लाख रुपये गाडीत चोरीला गेले, तर त्याला रेल्वेच्या सेवेतली उणीव म्हणता येणार नाही. ज्याने स्वतःजवळ बाळगले त्याने सांभाळायला हवे होते. पण याच न्यायाने पाहा, काउंटरवर दिलेली बॅग आपल्याजवळ नसते. ती आपण विश्वासाने त्यांच्या हवाली करतो आणि बदल्यात टॅगचा तुकडा घेतो. नंदिग्राम एक्स्प्रेसच्या बाकाखालची पेटी आणि विमानाच्या पोटातली बॅग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन महिने पत्रव्यवहार झाला. कंपनीचा तक्रार अधिकारी, मग त्याच्यावरचा अधिकारी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. हेल्पलाइनवाल्यांनी प्रकरण कंपनीकडे पाठवले आणि व्हाउचर ५ हजारांचे झाले. तेव्हा आम्ही ग्राहक आयोगात जायचे ठरवले.

इथे ज्येष्ठांना आठवेल, १९८६ चा जुना ग्राहक कायदा होता तेव्हा साधारणपणे समोरच्याचे कार्यालय किंवा शाखा जिथे असेल, किंवा जिथे घटना घडली असेल, तिथेच दावा करावा लागे. विमान कंपनीची शाखा आदिलाबादला कुठून असणार? म्हणजे हैदराबादच्या फेऱ्या. अर्ध्या लोकांची उमेद तिथेच संपत असे. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच्या ३४ व्या कलमाने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात जायची मुभा दिली. आमच्या मते आपल्यासारख्या कोपऱ्यातल्या जिल्ह्यांसाठी या कायद्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा लोकांनी त्यांना दुकानदारांशी भांडणारे म्हणून हसण्यावारी नेले असेल. आज आपण आदिलाबादेत बसून दूरच्या कंपनीला इथे यायला लावू शकतो, यात त्या चळवळीचाही वाटा आहे.

५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभे राहता येते. अर्ज घरबसल्या ई-दाखिलवर करता येतो, या महिन्यापासून त्याची जागा ई-जागृतीने घेतली आहे. आम्ही इंग्रजीत चार पानांची तक्रार लिहिली, कागद जोडले, शपथपत्र केले. मागणी ४० हजार आणि खर्च. नोटीस गेल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापलीकडे मुदत मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २०२० साली स्पष्ट केले आहे. त्या दिवसांतच कंपनीच्या वकिलाचा फोन आला. बोलणे सुरू झाले १० हजारांवर. आम्ही एवढेच विचारत राहिलो, की बॅगेची क्ष-किरण प्रतिमा कुठे आहे? तिसऱ्या दिवशी मागितली होती. त्यात दोन निरांजने आणि तबक दिसले नाही तर आम्ही तक्रार मागे घेतो. या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शेवटपर्यंत दिले नाही. आकडा २० झाला, मग खर्चासह २८ हजारांवर आला.

आणि इथे घरात खरी अडचण उभी राहिली. सौ. म्हणाल्या, नको. "वीस-पंचवीस हजारांना आजीची निरांजने विकली असं होईल. पैसे घेतले की ती गेलीच." आम्ही कायदा सांगत होतो, मर्यादा सांगत होतो, आणि त्या फडक्याकडे बघत होत्या. ते फडके अजून आमच्या देवघरात आहे. दोन दिवस आम्ही वकिलाला उत्तर दिले नाही. शेवटी सौ.नी पुण्याला फोन लावला. इतके दिवस मावशींना पूर्ण गोष्ट सांगायचा धीर झाला नव्हता. पत्र लिहून घेतले तेव्हाही "कंपनीला हवे आहे" एवढेच सांगितले होते. मावशी सगळे ऐकून थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, चोराने फुकट नेली. तू निदान पावती तरी घे."

पैसे घेतले. पूर्ण रकमेचे, बँकेतून, लेखी तडजोडीवर. पोलिसांकडे आम्ही उशिरा गेलो, ते चुकलेच. तेही पहिल्याच दिवशी करायला हवे होते. आता १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी आपल्या जवळच्या ठाण्यात माहिती देता येते, ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. आदिलाबादच्या माणसाने शमशाबादला धावायची गरज उरलेली नाही.

सौ.नी त्या पैशांचे अजून काही घेतलेले नाही. करंडा घ्यावा असे आम्ही सुचवून पाहिले. आज मघाशी हळदीकुंकू झाले ते स्टीलच्याच डबीतून, आपण पाहिलेच.

चिटणीस घड्याळ दाखवत आहेत. आमच्या पहिल्या ई-मेलचा, दुसऱ्या पत्राचा आणि तक्रारीचा मसुदा नावे खोडून मंडळाच्या वाचनालयात ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी झेरॉक्स काढून न्यावा, मूळ प्रत कृपया परत ठेवावी, मागच्या वेळी पंचांगाचे जे झाले ते नको. आणि मघाशी तिळगूळ देताना ज्या काकूंनी मुलीच्या बॅगेतला कॅमेरा गेल्याचे सांगितले, त्यांची दोन वर्षे येत्या मार्चमध्ये संपत आहेत. त्यांनी बोर्डिंग पास, टॅगचा तुकडा आणि कॅमेऱ्याचे बिल घेऊन उद्या रात्री आठ वाजता आमच्या घरी यावे. टॅग सापडत नसेल तर बॅगेच्या दांड्याला अजून चिकटलेला असेल, आधी तिथे बघावे.